आई आत, आम्ही बाहेर

अडकलेल्या माणसाला सोडवणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे! बढाई मारत नाही. मी लिफ्टच्या कंपनीत इंजिनिअर आहे. दोन मजल्यांच्या मध्ये लोंबकळणारे वकील, घामाघूम झालेले व्यापारी, रडणारी पोरं, एकदा तर अख्खं बँडपथक ढोलासकट, असे कितीतरी जीव मी सुखरूप बाहेर काढलेत. माणूस कुठेही अडकू दे, मला फक्त हाक मारायचा अवकाश! असं मी चारचौघांत छातीठोकपणे सांगत असे.

आता सांगत नाही. का, तेच सांगतो.

आधी आमच्या घराची ओळख. आम्ही तीन भावंडं. थोरला मी. मधली बहीण, ती दातांची डॉक्टर. आणि शेंडेफळ, ते रेडिओवर निवेदक आहे. आम्ही तिघंही हातीपायी धड, कमावते आणि चांगले घोडे झालेले आहोत, पण अजून आईकडेच राहतो. इतरांकडे आई मुलांजवळ राहते, आमच्याकडे मुलं आईजवळ राहतात, आणि आईने अजून हाकललेलं नाही, हा तिचा मोठेपणा! बाबा गेले त्याला काही वर्षं झाली. तेव्हापासून घराचा गाडा ती एकटी हाकते. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती ती. एकाला थांबवून ठेवायचं, दुसऱ्याला जोडून द्यायचं, तिसऱ्याची समजूत काढायची आणि आपला आवाज तसूभरही चढू द्यायचा नाही, ही तिची तेव्हाची सवय. आम्हा तिघांना ती अजून तशीच चालवते.

तर हे सगळं घडलं त्याच्या आदल्या संध्याकाळी मी आईच्या न्हाणीघराच्या दाराला नवं कुलूप बसवलं होतं. जुनी कडी खिळखिळी झाली होती. आई म्हणत होती, "अरे, सुताराला बोलावू."

"सुतार?" मी म्हणालो. "घरात इंजिनिअर असताना सुतार? आई, लोक हसतील!"

बसवलं. तासभर खपून बसवलं. मग दोन पावलं मागे सरून, कमरेवर हात ठेवून मी म्हणालो, "आता हे कुणाच्या बापाला उघडायचं नाही!"

खरंच उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टोस्टला लोणी लावत होतो. बहीण दवाखान्यात जायच्या तयारीत होती. शेंडेफळ नुकतंच उठून खुर्चीत दुसरी झोप काढत होतं. आणि आतून आईचा आवाज आला. अगदी शांत. 'तीन मिनिटांची वेळ संपली' असं फोनवर ऑपरेटर सांगायची ना, तसा.

"थोरल्या, तुझं कुलूप फार छान आहे रे. उघडत नाहीये."

मी हसलो. लोण्याची सुरी खाली ठेवली. बाह्या सरसावल्या. "आई, घाबरू नकोस!"

"मी कुठे घाबरलेय? पण मला अकराच्या आत एका ठिकाणी पोचायचंय. तेवढं लक्षात ठेव."

"कुठे?"

"आहे एक काम."

मी मूठ फिरवली. मूठ फिरली. गोल गोल फिरली. भोवऱ्यासारखी फिरली! आतली जीभ मात्र चौकटीत घट्ट रुतून बसलेली. मी मूठ ओढली, तर ती माझ्या हातात आली. मूठ माझ्याकडे, कुलूप दारात आणि आई आत!

"हो बाजूला," बहीण म्हणाली. ती आपली हत्यारं घेऊन आली. त्या बारीक आकड्या, टोकदार सळया, गोल आरसा. तिने कपाळावर दिवा बांधला, गुडघे टेकले आणि कुलपाच्या भोकात आरसा घातला.

"बरंच आतपर्यंत गेलंय," ती गंभीरपणे म्हणाली. "मुळाशी धक्का लागलाय." मग सवयीने दाराला म्हणाली, "जरा दुखेल हं."

काडकन आवाज झाला. आकडी मोडली. अर्धी बहिणीच्या हातात, अर्धी कुलपात. म्हणजे एरवी किल्लीने उघडण्याची जी काही आशा होती, तीही संपली!

"आता हे काढावंच लागेल," ती म्हणाली.

"दात?" शेंडेफळाने जांभई देत विचारलं.

"कुलूप!"

तेवढ्यात आई आतून म्हणाली, "छोट्या, दूध उतू जातंय. मला इथपर्यंत वास येतोय." शेंडेफळ धावलं. खरोखरच दूध भांड्याच्या काठाशी आलं होतं. आम्ही तिघं स्वयंपाकघराला लागून उभे, आम्हाला पत्ता नाही. बंद दाराआड असलेल्या आईला वास आला!

आणि याच वेळी टेबलावर ठेवलेला आईचा फोन वाजला. पडद्यावर नुसतं 'सर' असं लिहिलेलं. बहिणीने उचलला.

"आईसाहेब आहेत का?" पलीकडून एका पुरुषाचा खर्जातला आवाज.

"त्या जरा अडकल्यात. मी त्यांची मुलगी बोलते."

"बरं बरं. त्यांना सांगा, अकराच्या आत या. उपाशीपोटी मात्र येऊ नका म्हणावं, काहींना ऐनवेळी चक्कर येते. चष्मा आठवणीने आणा. आधी डोळे बघतील, मग लगेच घेतील."

"घेतील? काय घेतील?"

"आत घेतील हो! काळजीचं कारण नाही, पाच मिनिटांचा खेळ. पण एक सांगून ठेवतो ताई, त्यांचा डावा पाय अजून हवा तसा चालत नाही. एकदा दाबला की उचलायचं नाव नाही! आणि मान. मान मागे पुरती वळत नाही. बाकी सुधारणा फार आहे. पहिल्या दिवशी आल्या तेव्हा त्यांची अवस्था बघून मीच हाय खाल्ली होती!"

फोन बंद झाला. बहीण पांढरीफटक. तिने फोनवरचं सगळं आम्हाला दबक्या आवाजात सांगितलं.

"सर म्हणजे कोण?" मी विचारलं.

"मोठ्या डॉक्टरांना सगळे सरच म्हणतात! दादा, आईला काहीतरी झालंय. पाय उचलत नाही. मान वळत नाही. डोळे तपासणार आहेत. नसांचं काहीतरी आहे हे! आणि आज तिला आत घेणार आहेत."

"पण उपाशीपोटी येऊ नका म्हणाले ना?" शेंडेफळ म्हणालं.

बहिणीने तोंडावर हात ठेवला. "म्हणजे भूलसुद्धा देणार नाहीत!"

 गेले काही आठवडे आई रोज सकाळी 'फिरायला' जात होती. आम्हाला किती कौतुक! पण रोज एवढं फिरूनही तिचे बूट दुकानातून आत्ताच आणल्यासारखे कोरे होते, आणि ही गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती. फिरायला कसली जात होती? उपचारांना जात होती! एकटी! आणि घरी आल्यावर आमचे डबे भरत होती!

मी दाराशी गेलो. आवाज शक्य तितका सहज ठेवला. "आई, तुझा डावा पाय कसा आहे गं?"

"आहे की, जागेवर."

"जरा उचलून बघतेस?"

"ओल्या फरशीवर एका पायावर उभी राहू? पडू म्हणतोस की काय?"

"बरं, मान? मान मागे वळते?"

"कुणाकडे वळवू? इथे मी एकटीच आहे! थोरल्या, तू कुलपाचं बघ. माझ्या अवयवांची हजेरी नंतर घे."

विनोद करत होती हो! अशा अवस्थेत! आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. शेंडेफळाचे डोळे भरून आले. ते दाराला तोंड लावून थेट रेडिओच्या आवाजात म्हणालं, "आई, तू एकटी नाहीस. आम्ही सगळे तुझ्यासोबत आहोत. प्रत्येक क्षणी, प्रत्येक वळणावर."

"वळणाचं नाव काढू नकोस," आई आतून म्हणाली. "वळणाचीच मला धास्ती आहे."

हे ऐकून ते हमसून हमसून रडायला लागलं.

एवढ्यात समोरच्या घरातल्या काकू आल्या. आईची जिवाभावाची मैत्रीण. ठेवणीतले कपडे, हातात पर्स, डोळ्यांवर काळा चष्मा. "हे काय? अजून बाहेर नाही ती? आज निकाल लागायचाय तिचा!"

"निकाल!" बहीण किंचाळली. "काकू, तुम्हाला सगळं माहीत आहे?"

काकूंनी जीभ चावली. "मी शब्द दिलाय बाई. माझ्या तोंडून एक अक्षर निघणार नाही." मग न राहवून म्हणाल्या, "पण काय छाती आहे तुमच्या आईची! या वयात! मी तर नुसती शेजारी बसते तरी डोळे मिटून घेते. आणि ही? चेहऱ्यावर भीतीची रेघ नाही!"

संपलं. उरलीसुरली शंका गेली.

माझ्या अंगात संचारलं. "सरका सगळे!" मी ओरडलो. चार पावलं मागे गेलो, धावत आलो आणि दारावर दाणकन लाथ घातली. सिनेमात दारं अशीच उघडतात. सिनेमातल्या माणसांच्या पायात बूट असतात, एवढी एक गोष्ट मी विसरलो होतो! दार ढिम्म. माझा अंगठा मात्र बघता बघता टोमॅटोसारखा फुगला. मी एका पायावर नाचत नाचत दिवाणखान्याला फेरी मारून आलो.

"काय झालं रे?" आई.

"काही नाही!" मी दात आवळून म्हणालो.

"लागलं ना? बर्फ लाव. वरच्या कप्प्यात आहे, वाटाण्यांच्या मागे. आणि मोजे घालून मगच हिंड."

बहिणीने अंगठा पाहिला. "हलतोय का?" तिने विचारलं आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून दात हलवून बघावा तसा तो हलवून बघितला. मी जी बोंब ठोकली ती चौकापर्यंत गेली असेल. त्या गोंधळात शेंडेफळाने गुपचूप रुग्णवाहिका बोलावली. वर पत्ता सांगताना 'आमच्या आईचा पाय उचलत नाही, मान वळत नाही आणि दार उघडत नाही' असं एका दमात सांगितलं. रेडिओवरची सवय! ऐकणाऱ्याच्या काळजाला हात घातला असणार. कारण पलीकडचा माणूस 'निघालोच' म्हणाला.

आम्ही तिघं दाराबाहेर जमिनीवर बसलो. मी एक पाय बर्फात घालून.   मग आईच म्हणाली, "थोरल्या, कुलूप उघडत नाही, तर दारच काढलं तर?"

मी सुस्कारा सोडला. बिचारी! "आई, त्याला बिजागऱ्यांच्या पिना काढाव्या लागतात. आणि बिजागऱ्या आतल्या बाजूला आहेत. तिथे आपला हात पोचत नाही."

"आपला म्हणजे कुणाचा?"

"म्हणजे माझा."

"पण मी आतच आहे ना रे!"

 बहीण माझ्याकडे बघत राहिली. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. माझा अंगठासुद्धा माझ्याकडे बघतोय असं वाटलं मला.

"दाराखालून स्क्रू ड्रायव्हर सरकव," आई म्हणाली. "बारीक असेल तो. ठोकायला मी टाचा घासायचा दगड घेते."

मी सरकवला. आतून टक टक टक सुरू झालं. मी ओरडून सांगायला लागलो, "आई, खालून वर ठोक! हळू! आधी मधली नको, आधी..."

"खालची निघाली," आई म्हणाली.

"बरं, आता मधली..."

"तीही निघाली. तू जरा श्वास घे."

टक टक. "वरचीही निघाली. आता दार मी माझ्याकडे ओढते. दाराला टेकून कुणी उभं नाही ना?"

"नाही नाही!" मी म्हणालो. मी दाराला टेकून उभा होतो! एका पायावर माणूस दुसरं करणार काय? दार सुटलं आणि मी दारासकट आत गेलो. आई शहाणी, आधीच कोपऱ्यात सरकली होती. मी दारावर पालथा, आणि आई माझ्या अंगावरून अलगद पाय टाकून बाहेर! हो, डावाच पाय. छान उचलला!

आंघोळ झालेली, केस नीट विंचरलेले, कपड्यांवर एक चुणी नाही. नाटकातल्या राणीसारखी विंगेतून बाहेर आली. बहिणीने तिला मिठीच मारली. "आई, आम्हाला का नाही सांगितलंस गं? आम्ही परके आहोत का?"

"काय सांगायचं?"

बहीण उत्तर देणार, तोच खालून आरडाओरडा ऐकू आला. "अहो, वाचवा! कोणी आहे का?"

रुग्णवाहिका आली होती! दोन माणसं स्ट्रेचर घेऊन लिफ्टमध्ये शिरली होती. स्ट्रेचरचं एक चाक फटीत गेलं, दार अर्धवट लागलं, आणि लिफ्ट पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये आचके देत थांबली. लिफ्ट कोणत्या कंपनीची? आमच्याच! मीच लावून दिलेली!

"दादा, जाऊ दे ते," बहीण म्हणाली. "कंपनीला फोन कर, येतील कोणी. आईची वेळ टळतेय. तिला आधी पोचवू."

आईने घड्याळाकडे पाहिलं. वेळ खरंच थोडा होता. तिचा चेहरा क्षणभर उतरला. त्या सकाळी पहिल्यांदाच उतरला. मग ती म्हणाली, "आपल्यासाठी धावत आलेली माणसं आहेत. त्यांना तसं लटकत ठेवून जायचं? थोरल्या, तू आधी त्यांना बाहेर काढ. हे तुझ्याइतकं चांगलं इथे कुणाला येत नाही. मी तोवर खाली जाऊन गाडी वळवून ठेवते."

आम्ही तिघं पुतळे झालो.

"काय ठेवतेस?"

"गाडी. वळवून. फाटकाकडे तोंड करून." आईने पर्समधून किल्ली काढली. बाबांच्या गाडीची किल्ली! "अरे, असे काय बघताय? आज माझी ड्रायव्हिंगची परीक्षा आहे!"

डावा पाय म्हणजे क्लच! मान मागे वळायची ती गाडी मागे घेताना! आणि सर म्हणजे गाडी शिकवणारे सर! आमची डॉक्टरीणबाई मटकन खाली बसली. शेंडेफळ रडता रडता हसायला लागलं आणि त्याला उचकी लागली.

"पण आम्हाला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं असतं, तर तुम्ही तिघांनी मिळून मला शिकवलं असतं," आई म्हणाली आणि काकूंना घेऊन जिना उतरू लागली.

मी लंगडत गच्चीवर गेलो. लिफ्टच्या खोलीत वीज बंद केली, शेंडेफळाला हाताशी धरून चाक फिरवलं, लिफ्ट इंच इंच करत मजल्याला आणली आणि किल्लीने दार उघडलं. दोघं घामाने निथळत बाहेर आले. त्या दिवसातलं माझं एकमेव यश! मी नम्रपणे म्हणालो, "हे माझं रोजचंच काम आहे."

"पेशंट कुठाय?" त्यांनी विचारलं.

"ती गाडी काढायला गेलीय," शेंडेफळ म्हणालं.

दोघांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्या अंगठ्याकडे, आणि एक शब्द न बोलता जिन्याने उतरून गेले.

खाली आलो तर बाबांची गाडी फाटकाकडे तोंड करून घुरघुरत उभी! आमच्या समजुतीप्रमाणे ती गाडी आच्छादनाखाली कायमची झोपलेली होती. विकून टाकू, असं आम्ही दर महिन्याला म्हणत होतो आणि आई 'राहू दे' म्हणत होती. आम्हाला वाटे, बाबांची आठवण म्हणून. आता बघतो तर काचा लखलखीत, चालकाची सीट पुढे ओढलेली, वर उशी ठेवलेली. आई स्टिअरिंगवर बसली होती. हात घड्याळातल्या दहा आणि दोनवर.

"थोरल्या, तू पुढे बस. शिकाऊ परवान्यावर शेजारी परवानाधारक माणूस लागतो. बाकीचे मागे. आणि कुणी काहीही सांगायचं नाही!"

निघालो. मला सांगायला लाज वाटत नाही, आई आमच्या घरातल्या कुणाहीपेक्षा चांगली गाडी चालवते. मी हॉर्न वाजवतो, ती वाट बघते. मी शिव्या घालतो, ती मान डोलावून पुढच्याला जाऊ देते. एका लाल दिव्यापाशी गाडी थांबली. आई समोर बघत हळूच म्हणाली, "त्या गाडीचं कसं झालं होतं, बघ. उभी राहून राहून खराब होत होती. एक दिवस धूळ पुसता पुसता वाटलं, आपलंही असंच चाललंय की. म्हटलं, दोघींनाही जरा बाहेर काढावं."

 मी काहीतरी छान बोलणार होतो.

"आता बोलू नकोस," ती म्हणाली. "हिरवा झालाय."

परीक्षेचं मैदान जाळीच्या कुंपणाआड होतं. रंगीत खुणा ठेवलेल्या, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वाट, एक छोटासा चढ. आईचे सर दारातच येरझारा घालत होते. 'आलात! आलात!' करत त्यांनी तिला नेलं. शेवटचं नाव पुकारत होते आणि ते तिचंच होतं! डोळे तपासले. परीक्षक शेजारी बसले. वहीत खुणा करायला लागले तसे आम्ही जाळीला माकडांसारखे चिकटलो.

गाडी निघाली. पहिलं वळण. शेंडेफळ नकळत कुजबुजायला लागलं, "आणि आता आपण पाहतोय, अत्यंत संयमाने घेतलेलं हे वळण..." दातांची डॉक्टरीण दातांनी नखं कुरतडत होती. चढावर आई थांबली. पुन्हा निघताना गाडीने एक आचका दिला आणि बंद पडली. माझा श्वासही बंद पडला. आईने घाई केली नाही. चष्मा सारखा केला. किल्ली फिरवली. डावा पाय असा काही मोजूनमापून सोडला की गाडी लोण्यासारखी वर चढली. सरांनी मागे हवेत मूठ उडवली.

आता राहिलं होतं गाडी मागे घेणं. आईने मान वळवली. पुरती वळवली! गाडी मागे यायला लागली. मला दिसलं की ती खुणेच्या जरा जवळ येतेय. आणि माझ्यातला इंजिनिअर जागा झाला.

"आई, डावीकडे! डावीकडे घे! थोडं अजून! बास बास बास! अगं, उजवीकडे!"

गाडी थांबली. परीक्षक दार उघडून उतरले आणि कुंपणापाशी आले. "कोण ओरडतंय? परीक्षा तुमची आहे की त्यांची?" मग गाडीकडे वळून त्यांनी विचारलं, "बाई, हे तुमचे कोण?"

आईने आरशात आमच्याकडे एकवार शांतपणे बघितलं.

"मी ओळखत नाही यांना," ती म्हणाली.

आम्हाला फाटकाबाहेर काढलं! तिघांनाही! काकूंना तेवढं राहू दिलं, कारण त्यांनी काळ्या चष्म्याआड डोळे मिटून घेतले होते आणि त्या कुणाला त्रास देत नव्हत्या. आम्ही रस्त्याकडेला उभे राहिलो. आत काय चाललंय, काही दिसेना. बहीण मला बोल लावत होती, शेंडेफळ तिला गप्प करत होतं, मी अंगठा वर धरून उभा होतो. माझ्यामुळे ती नापास झाली तर? एवढं सगळं पार करून आलेली ती, आणि मी तिला शेवटच्या दोन हातांवर आडवा आलो तर? 

तेवढ्यात दुसऱ्या फाटकातून बाबांची गाडी बाहेर आली. स्टिअरिंगवर आई. शेजारी काकू, डोळे उघडे! गाडी आमच्यापाशी थांबली. काच खाली गेली.

आई बोलायच्या आधीच तिच्या तोंडाकडे बघून आम्हाला कळलं. बहिणीने खिडकीतून आत वाकून तिचे मुके घेतले. शेंडेफळाने रस्त्यात जाहीर केलं, "पास! पास झाली हो आमची आई!" येणारे-जाणारे टाळ्या वाजवायला लागले. मी म्हणालो, "आई, माफ कर. मी उगाच ओरडलो."

"अरे, तुझ्यामुळेच तर गाडी थांबवली मी," आई हसून म्हणाली. "खुणेला लागायची वीतभर राहिली होती. परीक्षक उतरून परत बसेपर्यंत त्यांना काही ते दिसलं नाही, मला मात्र नीट बघायला वेळ मिळाला."

मी छाती फुगवली. दार उघडायला हात पुढे केला.

दाराला आतून कुलूप होतं.

"आता मला शेजारी परवानाधारक लागत नाही. आम्ही दोघी जरा लांबून जातोय," आई म्हणाली. "रस्ता नेईल तिकडे. तुम्ही बसने जा. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या. आणि अंगठा दाखव कुणाला तरी. दातांचे नव्हे, दुसरे डॉक्टर!"

काच वर गेली. इशाऱ्याचा दिवा लागला. गाडी वळली, छान वळली, आणि गर्दीत दिसेनाशी झाली. आम्ही तिघं हात हलवत उभे. शेंडेफळ म्हणालं, "काय बाई आहे यार!" आणि बहिणीने त्याला चक्क टाळी दिली.

बस आली. खचाखच भरलेली. मी दांडा धरून, एक पाय वर उचलून, करकोच्यासारखा उभा राहिलो. पुढच्याच थांब्यावर आईच्या वयाच्या एक बाई माझ्याकडे बघून जागेवरून उठल्या आणि म्हणाल्या, "बस रे बाळा, बस तू."

मी बसलो.